दोन किलोंच्या आतले विमान आणि मुरमाची एक पट्टी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरात मॉडेल विमानांचे प्रात्यक्षिक असले की मैदान तुडुंब भरते. नंतर आठवडाभर मुले आणि त्यांचे पालक एकच विचारत असतात, असे विमान कितीला मिळते? विमान मिळते. बहुधा ते फोमचे, सव्वा मीटर पंखांचे आणि दुसऱ्या महायुद्धातल्या एखाद्या लढाऊ विमानाच्या रूपातले असते. नवशिक्याच्या हातात ते पहिल्या-दुसऱ्या उड्डाणातच वावरात रुतते आणि छंद तिथेच संपतो. या छंदाचे खरे शिक्षण विमान बांधण्यात आहे असे आमचे ठाम मत आहे. नागपूरचे हवामान, नागपूरची माती आणि आजचे नियम सांभाळून ते इथे उत्तम होऊ शकते. ते कसे, आणि त्यासाठी शहराकडून काय हवे, हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र.

आधी विमान कोणते निवडायचे ते पाहू. स्केल मॉडेल म्हणजे खऱ्या विमानाची ठरावीक पटीने लहान केलेली, उडणारी प्रतिकृती. नागपूरकराच्या मनात पहिले नाव डाकोटाचे येणे स्वाभाविक आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तिचे केंद्र नागपूर होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. या सेवेतली डाकोटा या शहराच्या इतिहासाचा भाग आहे आणि तिचे मॉडेल नागपुरात बांधले गेलेच पाहिजे. फक्त ते पहिले मॉडेल नसावे. डाकोटाचे पंख २८.९६ मीटर, म्हणजे १/१२ प्रमाणात २.४१ मीटर होतात. दोन मोटरी, टोकाकडे निमुळते होत जाणारे पंख, आत ओढली जाणारी चाके. एक मोटर बंद पडली की दुसरी विमानाला फिरवून जमिनीवर आणते. तीन-चार एकमोटरी विमाने बांधून आणि उडवून झाल्यावर डाकोटाला हात घालावा.

पहिल्या स्केल विमानासाठी आमची शिफारस एचएएलच्या पुष्पकची आहे. १९५८ साली पहिले उड्डाण झालेले हे दोन आसनी, वर पंख असलेले, कापडाने मढवलेले विमान देशभरच्या फ्लाइंग क्लबांत प्रशिक्षणासाठी वापरले गेले. वरचा पंख विमानाला स्वभावतः स्थिर ठेवतो. पंखाची रुंदी जवळजवळ सारखी असल्यामुळे रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या पातळ फळ्या, एकाच साच्यावर कापता येतात. चाके बाहेरच असल्याने ती आत घेणारी यंत्रणा लागत नाही. पायपर कबही याच जातीचे विमान आहे आणि त्याचे आराखडे विपुल मिळतात. एचटी-२ हे १९५१ चे देशी प्रशिक्षण विमान दिसायला देखणे आहे, पण खालच्या निमुळत्या पंखांमुळे ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे. स्केल विमानाच्या आधी साधे ट्रेनर, म्हणजे शिकाऊ मॉडेल, उडवता येणे गरजेचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता आकार ठरवू. इथे कायदा आणि हवेचे गणित एकत्र पाहावे लागते. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोंपर्यंतचे मानवरहित विमान मायक्रो वर्गात येते. २ किलोंच्या वर २५ किलोंपर्यंत स्मॉल वर्ग आहे. मायक्रो वर्गातले विमान व्यावसायिक कामाला वापरायचे नसेल तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, स्मॉलला लागते. शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोंपर्यंतच्या मॉडेलना टाइप सर्टिफिकेटमधून (विमानाच्या रचनेच्या मंजुरीतून) सूट आहे. नोंदणी आणि इतर तरतुदींत वेळोवेळी दुरुस्त्या होत असल्याने उडवण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ताजे नियम वाचावेत. सांगायचा मुद्दा हा की, बॅटरीसह पूर्ण वजन दोन किलोंच्या आत ठेवले तर विद्यार्थ्याची वाट बरीच सोपी होते.

पुष्पकचे पंख १०.९७ मीटर. १/६ प्रमाणात १.८३ मीटरचे मॉडेल होते. दिसते झकास, पण वजन अडीच किलोंच्या पुढे जाते. १/८ घेतले तर पंख १.३७ मीटर, रुंदी साधारण १८५ मिलिमीटर आणि क्षेत्रफळ २५ चौरस डेसिमीटर होते. एकूण वजन १.४ किलो ठेवता आले तर पंखावरचा भार दर चौरस डेसिमीटरला ५६ ग्रॅम पडतो, आणि या आकाराच्या विमानाला तो मानवतो. ७५ ग्रॅमच्या पुढे गेलात तर विमान वेगानेच उतरवावे लागेल आणि त्याचे उडणे पुष्पकसारखे वाटणार नाही. स्केल मॉडेलचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी झालेला हवा. म्हणजे खरे विमान ताशी १२० किलोमीटरने जात असेल तर १/८ मॉडेल ताशी ४२ च्या आसपास जाताना खरे वाटते. मॉडेल हलके असेल तरच तो वेग साधतो.

१.४ किलोंचा हिशेब बांधायला बसण्याआधी कागदावर मांडावा. मढवलेला सांगाडा आणि पंखाखालच्या तिरप्या दांड्या मिळून ७०० ग्रॅम. मोटर १०५, मोटरीचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर ४०, बॅटरी १८५. चार सर्व्हो (पंख-शेपटीचे पल्ले हलवणाऱ्या लहान मोटरी), त्यांच्या तारा आणि पल्ल्यांपर्यंत जाणारे दांडे, म्हणजे पुशरॉड, ९०. रिमोटचे संदेश घेणारा रिसीव्हर १५. चाके आणि त्यांची तार ११०. प्रोपेलर आणि त्याच्या मध्यावरची टोपी, म्हणजे स्पिनर, ३०. रंग, काचा, वैमानिकाचा पुतळा वगैरे ८०. बेरीज १३५५ होते. उरलेले ४५ ग्रॅम नाकात शिसे टाकावे लागले तर त्यासाठी. प्रत्येक भाग तयार झाला की वजनकाट्यावर ठेवून या यादीशी ताडावा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा त्याला पुरतो. विमान जड झाल्याचे शेवटी कळून काही उपयोग नसतो, कारण तोवर गोंद वाळलेला असतो.

वजनाचा सगळा खेळ बाल्सा हे हलके लाकूड निवडण्यात आहे, आणि नेमके इथेच नवे लोक घाई करतात. बाल्साच्या पाट्या बाहेरून सारख्या दिसतात. ३ मिलिमीटर जाडीची, १०० मिलिमीटर रुंद आणि एक मीटर लांब पाटी हलक्या लाकडाची असेल तर ३६ ग्रॅम भरते आणि जड लाकडाची ६० ग्रॅम. म्हणून दुकानात काटा घेऊन जावे, किंवा मागवलेल्या सगळ्या पाट्या तोलून प्रत्येकीवर पेन्सिलने वजन लिहावे. सर्वांत हलक्या पाट्या शेपटीसाठी बाजूला काढाव्यात. मध्यम वजनाच्या, पण पृष्ठभागावर चकाकणाऱ्या ठिपक्यांची नक्षी असलेल्या पाट्या रिबसाठी ठेवाव्यात. त्या आडव्या दिशेने ताठ असतात आणि वाकवल्या की चिरतात. ज्यांच्या रेषा लांब आणि सरळ जातात आणि ज्या सहज वळतात, त्या पंखाच्या पुढच्या कडेला गुंडाळण्यासाठी. जड आणि कडक लाकूड फक्त स्पारला, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांडीला. स्पारमध्ये गाठ किंवा तिरकी रेष असेल तर ती पट्टी बिनदिक्कत बाद करावी. कारण पंख मोडतो तो तिथेच, आणि तोही हवेत.

शेपटीवर इतका जोर देण्याचे कारण तरफेचे आहे. १/८ पुष्पकमध्ये गुरुत्वमध्यापासून शेपटी ५५ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि मोटर-बॅटरी १८ ते २०. शेपटीत वाढलेल्या एका ग्रॅमला नाकात जवळजवळ तीन ग्रॅम शिसे लागते. शेपटीत जास्तीचा २० ग्रॅम गोंद आणि रंग म्हणजे विमानात एकूण ८० ग्रॅमची भर. म्हणून शेपटीचे सर्व्हो शेपटीत न बसवता पंखाखाली बसवावेत आणि तिथून कार्बनच्या पोकळ नळीचे पुशरॉड न्यावेत. नळी मध्येच एक-दोन फॉर्मरला (धडाच्या आतल्या आडव्या चौकटींना) टेकलेली हवी, नाहीतर दाब आला की ती कमानीसारखी वाकते आणि एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीचा पल्ला, अर्धाच हलतो. जमिनीवर तपासताना सगळे ठीक दिसते, वेगात आल्यावर विमान नाक उचलत नाही. एलेव्हेटर बोटाने धरून सर्व्हो चालवला की हा दोष लगेच दिसतो.

नागपुरात बांधणीचे वेळापत्रक हवामानाने ठरवलेले बरे. पावसाळा कापण्या-जोडण्याचा. मात्र बाल्सा ओल पिते. जुलैत तोललेला पंख ऑक्टोबरात तोलला तर वजनात फरक दिसतो, आणि ओल्या लाकडावर कव्हरिंग (सांगाडा मढवण्याचे आवरण) ताणले तर ते सुकताना पंख पिळतो. पांढरा फेव्हिकॉल त्या दिवसांत हळू वाळतो, म्हणून टाचण्या चोवीस तास काढू नयेत. लाकूड बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावे. उन्हाळ्यात उलटी अडचण येते. कूलर चालू असलेल्या खोलीत हवा दमट आणि उबदार असते. फेव्हिक्विकच्या जातीचा सायनो गोंद अशा हवेत झटकन पकडतो, आणि त्याची वाफ काचेवर पांढरी धुरकट छटा सोडते. ती पुसून जात नाही. कॉकपिटच्या काचा सायनोने कधीच चिकटवू नयेत, त्यासाठी वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद वापरावा. मोटर ज्या प्लायच्या भिंतीवर बसते ती अरल्डाइटसारख्या सावकाश वाळणाऱ्या इपॉक्सीनेच जोडावी आणि कोपऱ्यात त्रिकोणी लाकडी पट्ट्या द्याव्यात. पाच मिनिटांत वाळणाऱ्या इपॉक्सीचा सांधा आपल्याकडच्या मे महिन्याच्या उष्णतेत मऊ पडू शकतो.

पंख पाटावर बांधताना पाट सपाट आहे याची खात्री पातळीने किंवा काचेच्या तुकड्याने करून घ्यावी. सनमायका लावलेला जुना फ्लश दरवाजा याला उत्तम. पंखाच्या टोकाला मागची कड थोडी उचललेली हवी. त्यामुळे वेग कमी झाला तरी टोक सर्वांत शेवटी स्टॉल होते, म्हणजे उचल गमावते, आणि विमान अचानक एका बाजूला पडत नाही. १८५ मिलिमीटर रुंदीला दोन अंश म्हणजे साडेसहा मिलिमीटरची पाचर. पुष्पकसारख्या सरळ पंखाला तीन-चार मिलिमीटर पुरतात. एचटी-२ सारख्या निमुळत्या पंखाला पूर्ण दोन अंश द्यावेत. दोन्ही टोकांची पाचर अगदी सारखी हवी. एकीकडे चार आणि दुसरीकडे दोन झाले तर ट्रिम करून (रिमोटवर पल्ले किंचित सरकवून) विमान सरळ जाईल, पण उतरताना वेग घटला की पुन्हा एकीकडे झुकेल.

कव्हरिंग ऑक्टोबरात करावे. चकचकीत प्लास्टिकची फिल्म सोपी असते, पण कापडाने मढवलेल्या विमानाला ती शोभत नाही. अस्तराचे पातळ पॉलिएस्टर कापड गांधीबाग-इतवारीत मीटरवर मिळते. सुती किंवा मिश्र धाग्याचे घेऊ नये, ते आवळत नाही. सांगाड्याच्या कडांना पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेन व्हार्निशचे दोन हात द्यावेत. ते वाळले की कापड इस्त्रीने त्यावर चिकटते. आधी कडा चिकटवायच्या, मग मधला भाग गरम करून आवळायचा. पंखाची वरची आणि खालची बाजू आलटून पालटून आवळावी, म्हणजे ताण एकीकडे जात नाही. मग व्हार्निशचा पातळ हात देऊन कापडाची छिद्रे बुजवावीत. रंगाचे हात मोजून द्यावेत, रंग हे शुद्ध वजन आहे. खऱ्या विमानाचे तीन बाजूंचे रेखाचित्र आणि नोंदणी अक्षरे दिसणारी छायाचित्रे आधीच जमवून ठेवावीत. खिडक्यांच्या चौकटी, इंधनाच्या टाकीचे झाकण, रिबवर शिवलेल्या टाक्यांच्या रेषा हे सगळे त्यावरूनच करायचे असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या एफ-४-सी या स्केल मॉडेलच्या वर्गात पंच विमान या कागदपत्रांशी ताडून गुण देतात, मग उड्डाणाचे गुण वेगळे. त्या वर्गात विमान स्पर्धकाने स्वतः बांधलेले असावे लागते, आणि आमच्या मते ही अट अगदी योग्य आहे.

मोटरीचे गणित सोपे आहे. अशा विमानाला दर किलोला २०० ते २५० वॅट पुरतात, म्हणजे १.४ किलोंना तीनशेच्या आसपास. ३५ मिलिमीटर व्यासाची, ९०० ते १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला तेवढे फेरे घेणारी) ब्रशलेस मोटर, ११×५.५ चा (इंचांत व्यास आणि एका फेऱ्यातली चाल) प्रोपेलर, ४० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर आणि तीन सेलची २२०० एमएएच लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. जोडणी झाल्यावर विमान घट्ट बांधून वॉटमीटरने पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे मोटर पूर्ण जोरात असताना, प्रवाह मोजावा. ३५ अँपिअरच्या वर गेला तर प्रोपेलर एक इंचाने लहान करावा. मोटर दोन-तीन अंश खाली आणि दोन अंश उजवीकडे झुकवून बसवावी, नाहीतर थ्रॉटल वाढवला की नाक वर आणि डावीकडे जाते. ट्रान्समीटरवर सहा मिनिटांचा टायमर लावून उतरावे. बॅटरी पूर्ण रिकामी करू नये. विसावलेल्या सेलचे व्होल्टेज ३.६ च्या खाली जाऊ देऊ नये आणि घरी ठेवताना प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवावा. पूर्ण चार्ज केलेली लायपो मे महिन्यात बंद गाडीत ठेवणे धोक्याचे आहे. ती फुगते, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

रेडिओबद्दल थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झच्या सेटला नागपुरात काही वेगळे करावे लागत नाही. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात आणि बॅटरी-मोटरपासून दूर बसवाव्यात. संपर्क तुटला तर थ्रॉटल शून्यावर यावा असे फेलसेफ लावावे आणि प्रोपेलर काढून, ट्रान्समीटर बंद करून ते खरोखर चालते का ते पाहावे. कमी शक्तीच्या मोडमध्ये तीस पावलांवरून पंखांचे आणि शेपटीचे सगळे पल्ले हलले पाहिजेत.

पहिल्या उड्डाणात विमाने पडतात त्याची कारणे मोजकी असतात. सर्वांत पहिले म्हणजे उलटा एलेरॉन (विमान बाजूला झुकवणारा पंखाच्या मागच्या कडेचा पल्ला). विमानाच्या मागे उभे राहून स्टिक उजवीकडे करावी, उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे. स्टिक ओढली की एलेव्हेटर वर. हे दुसऱ्या माणसाने मोठ्याने बोलून तपासावे, कारण बांधणाऱ्याच्या डोळ्याला आपली चूक दिसत नाही. दुसरे कारण गुरुत्वमध्य मागे असणे. १८५ मिलिमीटर रुंदीला पहिल्या उड्डाणासाठी तो पुढच्या कडेपासून ४६ ते ५० मिलिमीटरवर हवा. बॅटरी बसवून, दोन बोटांवर विमान तोलून नाक किंचित खाली झुकेल असे ठेवावे. पुढे असलेला गुरुत्वमध्य विमान सुस्त करतो, मागे असलेला विमान फोडतो. तिसरे, पहिल्याच दिवशी जास्त हालचाल देणे. एलेव्हेटरला दोन्हीकडे १२ मिलिमीटर आणि रडरला (शेपटीच्या उभ्या पल्ल्याला) २५ पुरेत. एलेरॉन वर १२ आणि खाली ६ असे ठेवावे. वर पंख असलेल्या विमानात खाली जाणारा एलेरॉन नाक उलट दिशेला ओढतो, म्हणून हा फरक ठेवावा आणि वळताना रडरची साथ द्यावी.

धावताना विमान डावीकडे ओढते. थ्रॉटल तीन-चार सेकंदांत हळू वाढवावा, स्टिक थोडी ओढून शेपूट जमिनीला टेकलेली ठेवावी, वेग आला की सोडावी आणि उजवा रडर देत राहावे. एकदम पूर्ण थ्रॉटल दिला की शेपटीवर चालणारे विमान गिरकी घेते आणि चाकाची तार वाकते. तार तीन मिलिमीटरची पियानो वायर असावी. सायकलीचा स्पोक त्या कामाचा नाही.

उतरताना शेवटच्या वळणावर सर्वाधिक विमाने जातात. वेग कमी, उंची कमी, आणि पट्टी चुकते आहे असे वाटून माणूस एलेव्हेटर ओढतो. एक पंख पडतो. तो उचलायला उलटा एलेरॉन दिला की तोच पंख आणखी स्टॉल होतो. अशा वेळी स्टिक सैल सोडून नाक खाली जाऊ द्यावे आणि उलट्या रडरने सावरावे. मोटर बंद पडली तर पट्टीपर्यंत पोचण्याचा हट्ट न धरता समोर दिसेल त्या मोकळ्या जागेत सरळ उतरावे.

इथे नागपूरच्या उन्हाळ्याची नोंद हवी. शहर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या थोडे वर आहे. डिसेंबरातल्या सकाळी १२ अंश आणि मेमधल्या दुपारी ४५ अंश यांत हवेची घनता सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते. प्रोपेलरची ओढ घटते आणि स्टॉलचा वेग पाचेक टक्क्यांनी वाढतो. ताशी ३२ ला स्टॉल होणारे विमान ३४ ला होते. हिवाळ्यात सवय झालेल्या हातांना हे दोन किलोमीटर नेमके शेवटच्या वळणावर जाणवतात. त्यात दुपारी तापलेल्या काळ्या मातीवरून उठणारे झोत आणि त्यांवर घिरट्या घालणाऱ्या घारी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेसहा ते साडेनऊ, ही आपली उत्तम वेळ. फक्त जानेवारीत संक्रांतीच्या आधीचे आणि नंतरचे दिवस वस्तीजवळ उडवू नये. हवेत तरंगणारा नायलॉन मांजा प्रोपेलरच्या दांड्याला गुंडाळला की मोटर अडकते आणि स्पीड कंट्रोलर जळतो. बंदी असूनही तो अजून आकाशात आहे.

आता जागेबद्दल. मोकळे वावर चालेल असे अनेकांना वाटते. कापूस निघाल्यावर वावरात पऱ्हाट्यांचे खुंट राहतात, उन्हाळ्यात काळ्या मातीला चाक बसेल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगून चिखल होते. सात सेंटिमीटरचे चाक भेगेत गेले की विमान नाकावर उलटते, प्रोपेलर तुटतो आणि मोटरीची भिंत निखळते. शहरातली मैदाने मुलांनी, फिरणाऱ्यांनी आणि विजेच्या तारांनी भरलेली असतात. दीड किलोचे विमान ताशी चाळीसने डोक्यात बसले तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही. गच्चीवरून किंवा वस्तीतल्या मैदानावरून उडवणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे की हे थांबवावे.

शिवाय विमानतळाचा प्रश्न आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फुटांपर्यंतच ग्रीन झोन, म्हणजे पूर्वपरवानगीशिवाय उडवता येणारा भाग, धरला जातो. १२ किलोमीटरच्या पलीकडे, लाल किंवा पिवळा झोन जाहीर नसेल तिथे, चारशे फुटांपर्यंत मुभा असते. सोनेगावचा विमानतळ शहराला इतका लगटून आहे की नागपूरचा बराच भाग या वर्तुळांत येतो, आणि त्याखेरीज वायुसेनेचे आणि इतर संरक्षित परिसर आहेत. उडवायच्या दिवशी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा आणि पोलिसांचा मनाईहुकूम लागू आहे का ते विचारावे. असे हुकूम काढताना रिमोटवरच्या विमानांचाही त्यात उल्लेख असतो.

म्हणून आमची मागणी. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि जिल्हा प्रशासनाने १२ किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर, वस्ती आणि उच्चदाबाच्या तारांपासून दूर, पाच एकरांचा एक पडीक तुकडा मॉडेल विमानांसाठी कायमचा नेमून द्यावा. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतून निघणाऱ्या वाहिन्यांमुळे उत्तरेकडची बरीच जागा बाद होते, तेव्हा दक्षिणेकडे उमरेड रस्त्याच्या किंवा पश्चिमेकडे काटोल रस्त्याच्या पलीकडे शोध घ्यावा. खर्च फार नाही. १०० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद पट्टी, वरचा काळा थर काढून १५ सेंटिमीटर दाबलेला मुरूम. याचे घनफळ १८० घनमीटर, म्हणजे सुमारे ६४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होते. दाबल्यावर बसणारी घट धरून ८० ब्रास मागवावा लागेल. मुरूम पाणी मारून रोलरने दाबावा, मध्ये थोडा उंचवटा ठेवावा आणि दोन्ही बाजूंना नाल्या काढाव्यात, नाहीतर पहिल्याच पावसात तो वाहून जाईल. दिशा वायव्य-आग्नेय ठेवावी. आपल्या विमानतळाची धावपट्टी १४/३२, म्हणजे याच दिशेची, आहे, ती इथल्या वाऱ्याला अनुसरूनच आखलेली आहे. पट्टीच्या कडेपासून दहा मीटरवर वैमानिकांची रेषा, तिच्या मागे तीस मीटरवर प्रेक्षकांसाठी जाळी आणि एक सावलीची शेड. विमाने पट्टीच्या पलीकडच्या बाजूलाच उडतील, वैमानिकांच्या मागे कोणीही जाणार नाही, हा पहिला नियम.

अभियांत्रिकी महाविद्यालयांकडून आमची अपेक्षा वेगळी आहे. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवले जाते, ही चांगली गोष्ट आहे, पण बाकीच्या विद्यार्थ्यांना ते दूरून पाहावे लागते. कार्यशाळेतली एक खोली आठवड्यातून दोन संध्याकाळ उघडी ठेवावी. चार सपाट पाट, दोन वजनकाटे, एक वॉटमीटर, एक लायपो चार्जर आणि चार्जरशेजारी वाळूची बादली एवढे साहित्य पुरते. चार विद्यार्थ्यांच्या गटाने जूनमध्ये पुष्पकचा आराखडा घ्यावा आणि नोव्हेंबरात विमान पट्टीवर आणावे. शिकवायला क्लबमधले जुने हात येतील, मानधन नको. संबंधित महाविद्यालयांनी आणि प्राधिकरणाने येत्या पावसाळ्यापूर्वी निर्णय घेतला तर याच वर्षीच्या हंगामात पट्टी वापरात येऊ शकते. मुरूम टाकायला एप्रिल-मेसारखा महिना नाही.

आपले,
स्केल विमाने बांधणारे आणि उडवणारे काही नागपूरकर